देव आवडत्यांनाच छळतो म्हणे

"देव ज्याच्यावर जास्त प्रेम करतो ना, त्यालाच जास्त दुःख देतो." हा मेसेज तुम्हालाही आला असेलच, वर समईचा फोटो, खाली गुलाबाचं फूल आणि शेवटी शुभ सकाळ. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो अधूनमधून उगवतोच आणि त्याच्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. एरवी मी बघून पुढे जातो. पण परवा तो नेमका एका माणसाचं नाव घेऊन टाकला होता, ज्याच्या बायकोचा बायोप्सीचा रिपोर्ट त्याच दिवशी आला होता. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, धीर द्यायचा होता बिचाऱ्याला, ते कळतं. तरी मला राहवेना म्हणून इथे लिहितोय, तिकडे लिहिलं असतं तर ॲडमिन म्हणाला असता की ग्रुपवर फक्त पाणी आणि पार्किंग.

तर माझं म्हणणं असंय की दुःख माणसाला देवाजवळ वगैरे नेत नाही. दुःखातून गेलेली काही माणसं देवाजवळ पोचलेली दिसतात, मान्य. पण त्यांना तिथवर नेलेलं असतं दुसऱ्याच कशाने तरी, आणि ते बहुतेक वेळा दुःख यायच्या आधीपासून घरात असतं, नाहीतर दुःखात कुणीतरी शेजारी येऊन बसलेलं असतं. आणि "दुःखामुळे मला देव भेटला" हे म्हणायचा हक्क ज्याचं दुःख त्याचाच. शेजाऱ्याचा नाही, नातेवाईकांचा नाही, कीर्तनकाराचा तर अजिबात नाही.

आता लगेच तुकोबा येणार, माहितीय. "बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली." ह्या एका ओळीवर आपल्याकडे किती कीर्तनं उभी राहिली असतील देव जाणे. दुष्काळ १६३० च्या आसपासचा, दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, गावात अब्रू गेली. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" असं त्यांनीच लिहून ठेवलंय, ती ओळ कीर्तनात फार कमी ऐकू येते बरं का. तर ह्या माणसाने स्वतः म्हटलंय की झालं ते बरंच झालं, मग तू कोण टिकोजीराव, असं मला माझ्या एका भावाने तोंडावर विचारलंय.

पण मला सांगा, त्याच दुष्काळात देहूच्या आसपास, पुण्याकडे, खाली विजापूरकडे, वर गुजरातेत लाखो लोकांनी बायका-पोरं गमावली. दुष्काळाने तुकाराम घडत असते तर आपल्याकडे तुकारामांचा पूर आला असता. झाला एकच. का? तर त्या घरात विठोबा पिढ्यानपिढ्यांचा होता. पूर्वज विश्वंभरबाबांपासूनची पंढरीची वारी, देहूतलं घरचं देऊळ. आणि सगळं गेल्यावर ह्या माणसाने पहिल्यांदा काय केलं तर ते पडकं देऊळ नीट करायला घेतलं. "देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें." म्हणजे जे आधीपासून आपलं होतं, लाडकं होतं, त्याच्याकडे तो वळला. दुष्काळाने बाकीची दुकानं बंद केली एवढंच, हे दुकान काय दुष्काळाने उघडलेलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे मला कुणी कीर्तनात सांगत नाही. "बरें झालें" हे तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणतात. दुसऱ्याच्या दिवाळ्याबद्दल ते काय करतात? घरची सावकारी होती, लोकांकडून येणं होतं, त्याचे कागद निम्मे भावाला, कान्होबाला देऊन आपल्या वाटणीचे त्यांनी इंद्रायणीत बुडवले अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. विचार करा जरा. दुःखाने देव भेटतो असं त्यांना खरंच सरसकट वाटत असतं तर कर्जदारांना म्हणाले असते की राहू द्या कर्ज, तुमचंही दिवाळं निघू द्या, बरं होईल तुमचं. नाही म्हणाले. रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणेल तोच साधू आणि देव तिथेच, असं म्हणाले. स्वतःच्या दुःखाला बरं म्हणायचं आणि दुसऱ्याचं दुःख समोर दिसलं की ते कमी करायचं, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आहेत आणि आपण पहिली तेवढी उचलली, ती पण उलटी करून.

हे सगळं काय पुस्तक वाचून सुचलेलं नाहीये. माझी आई शेवटची काही वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास. ज्यांच्या घरी कुणी आहे त्यांना कळेल, आधी वजन करायचं, मग हातातल्या फिस्टुलाला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून मोठी केलेली शीर) दोन जाड सुया, मशीनची घरघर, आणि शेवटच्या तासात बीपी पडणार नाहीतर पायात गोळे येणार. मी बाहेर बाकड्यावर. ठाण्यातल्या त्या सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यांवर जेवढा देवाचा विषय निघतो तेवढा कोपिनेश्वर मंदिराच्या आवारात पण निघत नसेल.

आई पक्की वारकरी घरातली. रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशी, तुळशीची माळ. २०२० ला जेव्हा वारी पायी निघाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा टीव्हीसमोर बसून डोळे पुसत होती आणि मधेच हसून म्हणाली, बरंय, ह्या वर्षी माउलींचे पाय दुखणार नाहीत. अशी बाई. डायलिसिस सुरू झाल्यावर तिची पहिली पंचाईत काय झाली माहितीय? प्रसाद. केळं नाही, नारळपाणी नाही, पोटॅशियम वाढतं. पंचामृत नाही. तीर्थ सुद्धा दिवसभराच्या मोजून दिलेल्या पाण्यात धरायचं. मग ती तीर्थ हातावर घ्यायची, डोळ्यांना लावायची आणि उरलेलं तुळशीत.

आणि तरीही. शेवटच्या वर्षात तिचा हरिपाठ बंद पडला. मी एकदा मोबाइलवर लावून दिला तर म्हणाली, बंद कर रे, डोकं फुटतंय. मला वाटलं सवयीने होईल परत, नाही झालं. एकदा घरी येताना, गोखले रोडला नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकलेली, तेव्हा मी तिला सरळ विचारलं की आई, लोक म्हणतात एवढं दुखण्यात देव जास्त आठवतो, तुला आठवतो का. ती म्हणाली, "दुखतं तेव्हा नुसतं दुखतं रे. त्यात देवबीव कुठला. गोळी लागू पडली की मग येतो हळूच."

ह्या विषयावर मी जे काही ऐकलंय वाचलंय त्यात एवढं खरं वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही. देव गोळीनंतर येतो. म्हणजे तो दुःखात नव्हता असं नाही, मला ते ठरवता येत नाही, पण ज्याला दुखतंय त्याच्याकडे तेव्हा बघायला जागाच नसते. वेदना माणसाला लहान करते, एवढासा करते, शरीराच्या त्या दुखऱ्या भागाएवढाच तो उरतो. त्यातून मोठं वगैरे होणं नंतर, जमलं तर, आणि कुणी हात धरून बसलं असेल तर. आमच्या समोरच्या रिक्षाच्या मागे "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" होतं, ठाण्यात प्रत्येक दुसऱ्या रिक्षावर असतंच. स्वामी "मी तुझ्या पाठीशी आहे" म्हणतात, "मी तुझी परीक्षा घेतोय" असं काही त्या काचेवर लिहिलेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

त्याच सेंटरला चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी यायच्या. एकवीरेच्या भक्त, चैत्रात कार्ल्याला गेल्याशिवाय वर्ष सुरूच होत नाही अशा. आता पायऱ्या चढणं शक्य नाही म्हणून आईवर, म्हणजे एकवीरेवर, प्रचंड चिडलेल्या. मशीनवर पडल्या पडल्या देवीला शिव्या. मोठ्याने. एवढी वर्षं तुझा मान दिला, साडी दिली, ओटी भरली, आणि तू मला इथे आणून निजवलंस, वर येऊ पण देत नाहीस, थांब आता मी बघतेच तुझ्याकडे. नवीन आलेली नर्स घाबरलेली पहिल्यांदा. आणि माझी आई बाजूच्या बेडवर गालातल्या गालात हसत.

मला त्या वॉर्डात देवाच्या सगळ्यात जवळ कोण होतं असं विचाराल तर मी ह्या मावशींचं नाव घेईन. कारण शिव्या घालायला नातं लागतं. जनाबाईने विठोबाला "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हटलंय, आणि त्याच्या पुढच्या ओळी तर मी इथे लिहिल्या तर पोस्ट रिपोर्ट होईल. दळताना, कांडताना, गोवऱ्या वेचताना तो तिच्यासोबत असायचा म्हणूनच तिला ही मुभा. मावशींचं एकवीरेशी भांडण हे दुखण्याने तयार झालेलं नाहीच, ते आयुष्यभराच्या चैत्रातल्या चढाईने तयार झालंय. दुखणं आलं तेव्हा भांडायला कुणीतरी होतं, एवढंच.

कुंतीचं उदाहरण देणारे पण भेटतात. भागवतात कुंती कृष्णाला म्हणते की आमच्यावर संकटं पुन्हा पुन्हा येवोत, कारण संकटात तुझं दर्शन होतं. अहो पण ती कृष्णाची आत्या आहे! वसुदेवाची बहीण. तिच्या प्रत्येक संकटात हा पोरगा येऊन उभा राहिलेला. तिला संकट नकोय, भाचा हवाय, आणि तो द्वारकेला निघालाय म्हणून ती हे बोलतेय. निरोपाच्या वेळी आपल्याकडच्या आत्या-मावश्या पण असंच काहीतरी बोलतात.

माझा वसईचा एक मित्र आहे, ट्रेनमधला. कॅथलिक. त्याला मी एकदा म्हटलं की तुमच्याकडे तर सगळं क्रुसावरच उभं आहे, म्हणजे दुःखच देवाचा रस्ता ना. तर तो म्हणाला, नीट वाच रे बाबा. आदल्या रात्री गेथसेमनीच्या बागेत येशू काय मागतो? हा प्याला माझ्यावरून टळू दे. आणि क्रुसावर काय म्हणतो? माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आता जिथे खुद्द त्यालाच त्या क्षणी देव लांब गेल्यासारखा वाटला तिथे आपण सोसायटीतल्या जोशीकाकांना कसं सांगायचं की तुम्हाला जवळ वाटला पाहिजे? (जोशीकाका हे त्याच्या बोलण्यातलं उदाहरण, आमच्या सोसायटीत जोशी नाहीत, उगाच कुणी ओढवून घेऊ नका.) मग त्याने ईयोबाची गोष्ट सांगितली. जुन्या करारातला ईयोब, ज्याची मुलं-बाळं, गुरंढोरं सगळं जातं, अंगभर फोड येतात. त्याचे मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. इथवर ते ग्रेट. मग बोलायला लागतात, तुझं काहीतरी चुकलं असेल, देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही वगैरे. आणि पुस्तकाच्या शेवटी देव चिडतो तो देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही तेवढा ह्या मित्रांवर. त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत. मला हे माहितीच नव्हतं, दिवा स्टेशन येईपर्यंत मी गप्प होतो, जे माझ्या बाबतीत दुर्मिळ आहे.

आता ज्या दुःखाबद्दल बोलायला लोकांना नको वाटतं त्याबद्दल. माणसाने माणसाला दिलेलं दुःख. ह्याचा आणि देवाच्या परीक्षेचा काय संबंध? चोखोबांपेक्षा विठोबावर प्रेम करणारा माणूस दाखवा. आणि त्यांना देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही जन्मभर. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेले, १३३८ साली. समाधी कुठे, तर पंढरपूरला महाद्वारासमोर, म्हणजे गेल्यावर पण बाहेरच. त्यांच्यासारख्यांना आत जायला साने गुरुजींना १९४७ साली मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, दहा दिवस, तेव्हा कुठे दार उघडलं. सहाशे वर्षं! आता ह्या माणसाला सांगा की बाबा तुला हे भोगावं लागलं म्हणून तू देवाच्या जवळ गेलास. त्या दुःखाने तर त्यांना अक्षरशः, फुटात मोजता येईल असं, देवापासून लांब ठेवलं. जवळ होते ते प्रेमाने, आणि लांब ठेवणाऱ्यांनी नंतर "बघा, दुःखातच भक्ती फुलते" म्हणून टाळ्या घ्यायच्या, हा निलाजरेपणा मला सहन होत नाही. सॉरी, इथे थोडा आवाज चढला.

आणि ज्ञानोबांचं तर आणखीच वेगळं. आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त, चार पोरं वाळीत टाकलेली. एवढं सोसून तो मुलगा एक दिवस लोकांच्या बोलण्याने इतका दुखावतो की झोपडीचं दार लावून आत बसतो, अशी परंपरेतली गोष्ट आहे. म्हणजे दुःखाने काय केलं? ताटी लावली. भल्याभल्या योग्याची लावली. आणि उघडायला लावली कुणी, तर धाकट्या बहिणीने, दाराबाहेर उभं राहून, "विश्व रागें झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी" म्हणत. गंमत म्हणजे मुक्ताई तेच सगळं भोगून उभी होती. तिला कुणी सांगायची गरज नव्हती की तुला कळणार नाही माझं. ती त्याला असं म्हणत नाही की दादा, हे दुःख तुझ्या भल्यासाठी आहे. ती म्हणते दार उघड. मला वाटतं मुद्दा इथेच संपतो खरं तर, पण अजून दोन गोष्टी राहिल्यात.

एक म्हणजे आमच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांचा नवरा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्यांनी देव्हारा काढला. मूर्ती सासूबाईंकडे पाठवल्या आणि त्या जागी मुलाचं पुस्तकांचं कपाट केलं. चार वर्षं झाली, अजून ते कपाटच आहे. लोक वाट बघतायत की कधीतरी त्या परत वळतील, गणपतीत आरतीला बोलावतात, त्या येतात, टाळ्या वाजवतात, मोदक घेऊन जातात, बस. मला त्यांच्यात काहीच कमी दिसत नाही. मी माझ्या मताला पूरक म्हणून त्यांची गोष्ट गोड पण करणार नाही, त्या कदाचित कधीच परत वळणार नाहीत. दुःख देवाजवळ नेतं असं म्हणणाऱ्यांच्या हिशोबात ह्या वहिनी कुठेच बसत नाहीत, मग त्यांच्यावर "श्रद्धा कच्ची होती" असा शिक्का. मी एका बाईच्या तोंडून हे लिफ्टमध्ये ऐकलंय.

दुसरं, आमच्या बाबांचा मुद्दा, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. ते म्हणतात, तू म्हणतोस ते ठीक आहे पण सुखात माणूस देवाकडे बघत नाही हे तर खरं ना, पगार वेळेवर, गुडघे शाबूत, मग कोण जातंय कोपिनेश्वराला, श्रावणी सोमवारी दर्शनाच्या रांगेत उभे असतात त्यांना विचार, निम्म्यांच्या घरात काहीतरी अडलेलं असतं. अडला हरी. बरोबर आहे. गीतेत सुद्धा भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगताना पहिला आर्तच सांगितलाय, अडचणीत सापडलेला, आणि भगवंत त्याला हाकलत नाही, चौघांनाही उदारच म्हणतो. म्हणजे दुःखाने माणूस दारापर्यंत येतो, हे मी बाबांना दिलं. पण रांगेत उभा राहिलेला तो काम झालं की पुढच्या सोमवारी दिसत नाही, हे पण बाबांनीच सांगितलेलं, मंदिराच्या बाहेर बेलफुलं विकणाऱ्याचा हवाला देऊन. जे वर्षानुवर्षं तिथे दिसतात, तलावपाळीला एक फेरी मारून आत डोकावणारे, त्यांना काही मागायचं नसतं, त्यांना नुसतं भेटायचं असतं. बाबा त्यातलेच. आई गेली तरी जातात. मी विचारलं नाही का जाता, त्यांनी सांगितलं नाही.

हां, आणि प्रेम म्हणजे काय सोपा रस्ता आहे असं मी म्हणत नाहीये. "कन्या सासुर्‍यासी जाये, मागे परतोनी पाहे" हे काय सुखाचं वर्णन आहे का? प्रेम केलं की दुखणारच, आईबाबत मला दुखलं ते प्रेमामुळेच. पण ते दुःख प्रेमाच्या मागून येतं, त्याला पुढे उभं करून देवाचा एजंट म्हणायची गरज नाही.

त्या बायोप्सीवाल्या माणसाला मी मेसेज वगैरे काही केला नाही. संध्याकाळी जाऊन विचारलं की मुलीला क्लासला सोडायला-आणायला कोण आहे पुढच्या आठवड्यात. मंगळवार-गुरुवार माझ्याकडे आलाय.

कमेंटमध्ये आता कुणीतरी पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशोब मांडणार हे दिसतंय मला. मांडा. फक्त आधी स्वतःच्या पूर्वजन्मापासून सुरुवात करा, दुसऱ्याच्या नको, आणि उत्तराची वाट बघू नका, सकाळची फास्ट लोकल पकडायचीय मला.